पहिल्या मुलाखतीत ‘सगळं बरं हाय’ याच्या पलीकडे कसे जावे?

प्रश्न : मानसशास्त्रज्ञ, धाराशिव जिल्हा

नमस्कार. धाराशिव जिल्ह्यातील एका शासकीय रुग्णालयाच्या मानसिक आरोग्य विभागात मी अलीकडेच मानसशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाले आहे. चाचण्या घेणे, गुण काढणे आणि अहवाल लिहिणे यांत प्रशिक्षणाचा उपयोग होतो. अडचण येते ती त्याआधीच्या मुलाखतीत. आमच्याकडे येणारी माणसे बहुधा दोन-तीन नातेवाइकांसह येतात, बोलतात ते नातेवाईकच, आणि ज्यांच्या नावाचा केस पेपर असतो ते खाली पाहत ‘काय नाही मॅडम, बरं हाय’ एवढेच सांगतात. उदास वाटते का, भीती वाटते का, झोप लागते का, असे विचारले की ‘हो’ किंवा ‘नाही’ यापलीकडे काही हाती लागत नाही, आणि पुष्कळदा एकाच बैठकीत एकाच प्रश्नाची दोन्ही उत्तरे मिळतात.

सर्वांत मोठी काळजी औषध प्यालेल्या रुग्णांची वाटते. वॉर्डातून आमच्याकडे पाठवलेल्या अशा रुग्णांच्या कागदावर ‘फवारणीचे औषध चुकून पोटात गेले’ असे लिहिलेले असते आणि घरचे सगळे तेच सांगतात. काही वेळा ते खरेही असेल. उलटतपासणी चालली आहे असे त्या माणसाला वाटू नये, आणि तरीही त्याला घरी सोडण्याआधी धोक्याचा नीट अंदाज यावा, यासाठी मुलाखत कशी घ्यावी? ओपीडीत एकेका व्यक्तीसाठी मिळणारा वेळ थोडा असतो, हे लक्षात घेऊन अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर : चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, छत्रपती संभाजीनगर

आपला प्रश्न महत्त्वाचा आहे आणि तो केवळ नवख्यांचा नाही. माझे म्हणणे आधी थोडक्यात सांगतो: पहिल्या मुलाखतीत माणसाला त्याचे मत विचारू नये, घडलेले विचारावे. ‘उदास वाटते का’ हा प्रश्न ऐकायला सोपा असला तरी त्याचे उत्तर देण्यासाठी समोरच्याला स्वतःच्या मनाचा हिशेब करून एक निष्कर्ष काढावा लागतो, आणि तोही अनोळखी व्यक्तीसमोर, सासरे किंवा मोठा भाऊ शेजारी बसलेला असताना. त्यापेक्षा ‘काल सकाळी किती वाजता उठलात, उठल्यावर काय केलंत, शेतात गेलात का, गेला नाहीत तर घरात काय करत होतात, जेवण कधी झालं’ असे दिवसाच्या क्रमाने विचारले, तर दहा मिनिटांत झोप, भूक, कामातला रस, थकवा, लोकांत मिसळणे आणि लक्ष लागणे या सगळ्यांची माहिती आपोआप समोर येते. ती अधिक भरवशाचीही असते, कारण माणूस स्वतःविषयी निवाडा देत नसतो. काय झाले ते सांगत असतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पास्कल यांनी या पद्धतीला ‘वर्तन-प्रसंग’ अशा अर्थाचे नाव दिले होते. पुढे मनोविकारतज्ज्ञ शॉन शिया यांनी आत्महत्येच्या धोक्याच्या मुलाखतीत तिचा फार काटेकोर उपयोग करून दाखवला. त्याकडे मी पुढे येतो.

त्याआधी बसण्याची व्यवस्था. नातेवाइकांना बाहेर काढण्यावरून वाद होतो, म्हणून ते कोणा एकासाठी करू नका, सगळ्यांसाठी नियमच करा. सुरुवातीला सर्वांना एकत्र बसवा, नमस्कार करा, प्रत्येकाचे नाते विचारून घ्या आणि मग स्वच्छ शब्दांत सांगा: ‘आमच्याकडे प्रत्येकाशी थोडा वेळ एकट्याने बोलायची पद्धत आहे. आधी मी काकांशी बोलेन, मग तुमच्याशी बोलेन.’ घरच्यांना आपलीही पाळी येणार हे कळले की ते सहसा विरोध करत नाहीत, आणि त्यांची माहितीही आपल्याला हवीच असते. रुग्णाशी एकट्याने बोलायला लागताच गोपनीयतेची मर्यादा सांगून टाका. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधील कलम २३ गोपनीयतेचा हक्क देते आणि जीवाला धोका असणे, दुसऱ्याला इजा होण्याची शक्यता असणे, न्यायालयाचा आदेश असणे असे काही अपवादही सांगते. ‘तुम्ही सांगितलेलं मी घरी सांगणार नाही, फक्त तुमच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जीवाला धोका आहे असं वाटलं तर मला काही जणांना सांगावं लागेल’ हे वाक्य आधी आले पाहिजे. सगळे ऐकून घेतल्यानंतर ते सांगणे विश्वासघातासारखे होते.

मग पहिला प्रश्न खुला ठेवावा आणि थांबावे. थांबणे वाटते तितके सोपे नाही. बेकमन आणि फ्रँकेल यांच्या १९८४ च्या गाजलेल्या अभ्यासात डॉक्टर रुग्णाचे सुरुवातीचे बोलणे सरासरी १८ सेकंदांत तोडतात असे आढळले होते. आपल्या गर्दीच्या ओपीडीत तर हा मोह अधिकच होतो. तरीही पहिली दोन-तीन मिनिटे अखंड ऐकून घेतली, तर पुढचा वेळ वाचतो. बोलणे अडले तर त्यांचाच शेवटचा शब्द उचलून परत द्यावा. ते ‘जीव घाबरा होऊलालाय’ म्हणाले, तर तिथे लगेच ‘चिंता’ असे लिहू नका; ‘जीव घाबरा होतो तेव्हा काय होतं? शेवटचं कधी झालं? तेव्हा तुम्ही कुठं होता?’ असे विचारा. कोणाच्या छातीत धडधड होते, कोणाला रात्री दारावर सावकाराचा माणूस उभा आहे असे वाटते, कोणाला तर प्रत्यक्ष आवाज ऐकू येतात. आपण घाईने नाव दिले की हा फरक नाहीसा होतो. खुल्या प्रश्नाने सुरुवात करून हळूहळू नेमक्या, बंद प्रश्नांकडे जावे. उलट क्रमाने गेलात तर माणूस हो-नाहीच्या सवयीत अडकतो आणि मग खुला प्रश्न विचारूनही खुलत नाही.

आता आपली मुख्य चिंता. ‘चुकून पोटात गेले’ हे विधान खोडू नका आणि मान्यही करू नका. ‘का केलंत?’ हा प्रश्न पूर्णपणे टाळावा, कारण त्यात आरोप ऐकू येतो. त्याऐवजी ‘त्या दिवशी सकाळपासून काय काय झालं ते मला समजून घ्यायचं आहे’ अशी सुरुवात करून एकेक पाऊल पुढे जा: घरात कोण कोण होते, आदल्या रात्री काय बोलणे झाले, फवारणी त्या दिवशी खरोखर चालू होती का, डबा कुठे ठेवलेला होता, तो हातात कधी आला, त्यानंतर लगेच काय केले, कोणाला हाक मारली का, कोणी आधी पाहिले. खरेच अपघात असेल तर हा क्रम सरळ जुळतो. नसेल, तर मध्ये कुठेतरी क्रम तुटतो, तिथे माणूस थांबतो, आणि पुष्कळदा तिथेच डोळ्यांत पाणी येते. तेव्हा आपण घाई न करता थांबावे, मग शांतपणे, त्यांच्याच भाषेत, सरळ विचारावे: ‘कर्जाचं, घरातलं असं सगळं अंगावर आलं की आता जगूच नये असं पुष्कळांच्या मनात येतं. तुमच्या मनात त्या वेळी तसं आलं होतं का?’

हा प्रश्न विचारल्याने विचार नसलेल्याच्या डोक्यात विचार भरतो, ही भीती आपल्याकडे डॉक्टरांमध्येसुद्धा आहे. ती निराधार आहे. न्यूयॉर्क राज्यातील शाळकरी मुलांवर मॅडेलिन गूल्ड आणि सहकाऱ्यांनी केलेल्या, २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आत्महत्येविषयी प्रश्न विचारलेल्या मुलांमध्ये ना अस्वस्थता वाढलेली दिसली, ना तसे विचार. पुढच्या आढाव्यांतही हेच दिसत आले आहे. मात्र प्रश्नाची घडण नीट हवी. ‘तसं काही मनात नाही ना तुमच्या?’ असे विचारले की त्याला ‘नाही’ हेच उत्तर हवे आहे, हे समोरच्याला लगेच कळते.

शिया यांनी आखलेला क्रम आपल्याला उपयोगी पडेल. प्रथम आताची घटना, मग गेल्या साधारण दोन महिन्यांतले विचार आणि प्रयत्न, मग त्याआधीच्या आयुष्यातले, आणि शेवटी आज, आत्ता, इथे बसलेले असताना मनात काय आहे ते. ‘याआधी काही केलं होतं का’ असे मोघम न विचारता एकेका मार्गाचे नाव घेऊन वेगवेगळे विचारावे, कारण मोघम प्रश्नाला मोघम नकारच मिळतो. मुलाखत संपण्यापूर्वी घरात कीटकनाशक कुठे राहणार आहे आणि त्याची किल्ली कोणाकडे असेल, हे घरच्यांशी ठरवून लिहून घ्यावे. पुढच्या भेटीची तारीख द्यावी आणि ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या टेली-मानस या फोनवरून मानसिक आरोग्याचा सल्ला देणाऱ्या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक रुग्ण आणि घरचे या दोघांच्याही फोनमध्ये तिथेच साठवून घ्यावा.

घरचे पोलिसांच्या भीतीनेही ‘चुकून’ म्हणतात. त्यांना सांगता येईल की २०१७ च्या त्याच कायद्याचे कलम ११५ आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरते, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ सारखी शिक्षेची सरसकट तरतूद ठेवलेली नाही. रुग्णालयाने पोलिसांना कळवण्याची प्रक्रिया मात्र वेगळी आहे. ती होणारच नाही असे आश्वासन देऊ नये.

उत्तर : मानसशास्त्राचे प्राध्यापक, नांदेड

वरील प्रतिसाद मोलाचा आहे. दोन बाबतींत मात्र मला सावधगिरीची सूचना करावीशी वाटते.

पहिली म्हणजे, मोकळ्या संवादावर सगळी भिस्त ठेवली की दोन मुलाखतकार एकाच व्यक्तीविषयी दोन निष्कर्षांवर पोहोचतात. मानसोपचाराच्या इतिहासात याचा मोठा धडा आहे. न्यूयॉर्कमध्ये स्किझोफ्रेनियाचे निदान लंडनपेक्षा कितीतरी जास्त का होते, याचा शोध घेणाऱ्या अमेरिका-ब्रिटन निदान प्रकल्पात, दोन्हीकडच्या रुग्णांची एकाच साच्याच्या मुलाखतीने तपासणी केल्यावर तो फरक बहुतांशी नाहीसा झाला. फरक रुग्णांत कमी आणि डॉक्टरांच्या विचारण्याच्या व ठरवण्याच्या सवयींत अधिक होता. त्यानंतर संरचित, म्हणजे ठरलेल्या प्रश्नांच्या आणि ठरलेल्या क्रमाच्या, मुलाखतींना अधिक महत्त्व आले. म्हणून दिवसाचा क्रम विचारून झाला, विश्वास बसला, की ‘मिनी’सारख्या लहान संरचित मुलाखतीतले संबंधित भाग तरी नियमाने विचारावेत. जे आपल्याला सुचत नाही, ते साचा विचारायला लावतो. उदास दिसणाऱ्या माणसाला पूर्वी कधी अतिउत्साहाचा, न झोपता कामे करण्याचा, उधळपट्टीचा काळ येऊन गेला होता का, हे अशाच वेळी विसरले जाते. आणि ते विसरले की उपचाराची दिशाच चुकू शकते.

पीएचक्यू-९ सारखी, गेल्या दोन आठवड्यांतल्या नैराश्याची लक्षणे मोजणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली वापरत असाल, तर तीही या टप्प्यावर घ्यावी. ती वाचून दाखवताना ‘अर्ध्याहून अधिक दिवस’ हा पर्याय कित्येकांना समजत नाही. आठवडी बाजाराचा आधार घ्यावा: ‘मागचे दोन बाजार झाले, त्या दिवसांपैकी किती दिवस असं झालं?’ असे विचारून येणाऱ्या संख्येवरून पर्याय आपण निवडावा. तिचा नववा प्रश्न मरणाच्या विचारांविषयी आहे. तिथे शून्याखेरीज काहीही आले, तर एकूण गुण कितीही कमी असोत, वर सांगितलेली सविस्तर चौकशी झालीच पाहिजे.

दुसरी सूचना मुलांविषयी. मोठ्यांच्या मुलाखतीत दारूविषयी ‘पिता का?’ असे न विचारता ‘दिवसाला किती लागते?’ असे गृहीत धरून विचारण्याची एक पद्धत आहे आणि ती उपयोगी पडते, कारण कबुलीची लाज त्यात कमी होते. हीच पद्धत लहान मुलांकडे कदापि वापरू नये. प्रश्नातील एका शब्दाने मोठ्यांचीसुद्धा आठवण बदलते, हे एलिझाबेथ लॉफ्टस यांनी १९७४ मध्ये मोटारींच्या धडकेच्या चित्रफितींवरून दाखवले आहे. मुले तर विचारणाऱ्याच्या अपेक्षेला आणखी लवकर बळी पडतात. मुलाशी आधी एखाद्या साध्या प्रसंगावर, समजा पोळ्याच्या दिवशी काय काय झाले यावर, सगळे सांगण्याचा सराव करावा, ‘माहीत नसेल तर माहीत नाही म्हण, माझं चुकलं तर मला सांग’ असे समजावावे, आणि मग मूळ विषयावर ‘पुढं काय झालं?’ एवढ्याच प्रश्नाने चालावे. लैंगिक अत्याचाराची शंका आली तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने माहिती देणे बंधनकारक आहे. तेथे पुन्हा पुन्हा मुलाखती घेऊन मुलाला शिणवू नये आणि आपल्या प्रश्नांनी त्याचे म्हणणे गढूळ करू नये.

उत्तर : सामाजिक कार्यकर्ती, बीड

मी मानसशास्त्रज्ञ नाही. ऊसतोड कुटुंबांमध्ये काम करते आणि अनेक बायकांना अशा मुलाखतींना सोबत घेऊन जाते. बाहेर बाकावर बसून जे दिसते, त्यावरून थोडे लिहिते.

‘हे कधीपासून आहे’ या प्रश्नाला ‘लई दिस झाले’ असे उत्तर येते आणि कागदावर ‘कालावधी अनिश्चित’ असे लिहिले जाते. आमच्या बायकांना इसवी सन सांगता येत नाही, पण काळ नेमका सांगता येतो. दसऱ्यानंतर टोळी निघण्याच्या आधी की कारखान्याचा पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, गावी परतल्यावर, धाकट्याच्या वेळच्या बाळंतपणाच्या आधी की नंतर, लॉकडाऊनमध्ये की त्याच्या पुढच्या वर्षी, असे विचारले की महिन्यापर्यंत उत्तर मिळते. वयस्कर माणसांसाठी लातूर-धाराशिव भागात ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप आणि त्याही आधीचा १९७२ चा दुष्काळ या खुणा चालतात, आणि लातूरला रेल्वेने पाणी आले तो २०१६ चा उन्हाळा तर सर्वांनाच आठवतो.

भाषेचीही एक अडचण आहे. तांड्यावरच्या काही आजी लमाणीच बोलतात, आणि शहरातल्या कित्येक मुस्लीम बायका दखनीतच मोकळ्या होतात. तेव्हा अर्थ सांगायला त्यांच्या शाळकरी मुलाला किंवा नवऱ्याला बसवले जाते. कृपा करून असे करू नका. आईला मरावेसे वाटते का, हे मुलाच्या तोंडून तिला विचारायला लावणे दोघांवरही अन्याय आहे. रुग्णालयातील एखादी परिचारिका, आशा ताई किंवा आमच्यासारखी बाहेरची बाई बोलवावी, तिला गोपनीयतेचे सांगावे, आणि विचारताना अर्थ सांगणाऱ्या बाईकडे न पाहता रुग्णाकडे पाहावे.

आणखी एक. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि त्या कोयत्याची उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, मुकादमाकडून आधीच घेतलेली असते. त्यामुळे बाईने ‘आजारी आहे’ म्हणणे म्हणजे घरावरचे कर्ज फिटणार नाही असे म्हणणे होते. ‘बरं हाय’ या उत्तरामागे कधी कधी एवढा हिशेब असतो. मुलाखतीत ‘यंदा उचल किती घेतली, फिटली का’ हे विचारणे तुम्हाला मानसशास्त्राबाहेरचे वाटेल. पण त्या प्रश्नानंतर बायका बोलतात, हे मी पाहिले आहे.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

आपणा तिघांचे मनापासून आभार. आठवडी बाजार आणि टोळी निघण्याच्या खुणा उद्यापासूनच वापरणार आहे. अजून दोन गोष्टी विचारते. रुग्णाने किंवा घरच्यांनी ‘बाहेरचं आहे’, ‘कोणी केलंय’, ‘अंगात येतं’ असे सांगितले तर तिथे कसे बोलावे? नाकारले तर ते परत येत नाहीत, आणि मान डोलावणे मला पटत नाही. तसेच, लिहीत बसले की बोलणे थांबते, आणि न लिहिले तर निसटते. नोंदी कशा ठेवाव्यात?

उत्तर : चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, छत्रपती संभाजीनगर

बीडच्या ताईंनी उचलीविषयी लिहिलेले मी माझ्या विद्यार्थ्यांना वाचून दाखवणार आहे. प्राध्यापक महोदयांची मुलांविषयीची सूचनाही पूर्णपणे मान्य आहे.

‘बाहेरचं’ या विषयावर बाजू घेण्याची गरजच नसते. तिथे माहिती घ्यायची असते. २०१३ च्या डीएसएम-५ या अमेरिकी मनोविकार निदान-पुस्तिकेत सांस्कृतिक संदर्भ समजून घेण्यासाठी सोळा प्रश्नांची एक मुलाखत दिलेली आहे आणि तिचा गाभा हाच आहे. तुम्हाला हे कशामुळे झाले असे वाटते, घरच्यांना काय वाटते, आतापर्यंत कोणाकोणाकडे जाऊन आलात, कशाने आराम पडला, आणि आमच्याकडून काय व्हावे असे वाटते, हे शांतपणे विचारावे. कोणत्या दर्ग्यात किंवा देवस्थानात जाऊन आले, तिथे किती दिवस राहिले, तिथे झोप लागली का, घरी आल्यावर पुन्हा काय झाले, या उत्तरांतून आजाराचा क्रम कळतो. तिथे बांधून ठेवले, मारले किंवा चालू असलेल्या गोळ्या बंद करायला लावल्या का, हेही कळते, आणि ते कळणे तातडीचे असते. एवढे ऐकून घेतल्यावर ‘देवाला जायचं की नाही हे तुम्ही ठरवा, झोपेची आणि घाबऱ्या जीवाची औषधं मात्र सोडायची नाहीत’ असे म्हणण्यात आपल्या शास्त्राशी काहीही तडजोड होत नाही. अंगात येण्याच्या बाबतीत ते कोणत्या प्रसंगी येते, नंतर आठवते का, आणि त्याने त्या व्यक्तीला त्रास होतो की केवळ घरच्यांना, हे विचारल्याशिवाय त्याला आजार म्हणू नये.

नोंदींसाठी, पहिल्या दोन-तीन मिनिटांत पेन खाली ठेवावे. त्यानंतर ‘तुमचं बोलणं माझ्याकडून चुकीचं लिहिलं जाऊ नये म्हणून मधूनमधून लिहिते’ असे सांगून फक्त तारखा, औषधांची नावे आणि त्यांची नेमकी वाक्ये टिपावीत. रडू येते त्या क्षणी मात्र लिहू नये. रुग्ण बाहेर जाताच, पुढच्याला बोलावण्याआधी, पाच मिनिटे काढून उरलेले लिहून काढावे. अहवालात तीन गोष्टी वेगळ्या ठेवा: त्यांनी काय सांगितले ते त्यांच्या शब्दांत, तुम्ही काय पाहिले ते, आणि त्यावरून तुम्ही काय अनुमान काढले ते. घरच्यांनी सांगितलेले असेल तर कोणी सांगितले ते लिहा. औषध प्यालेल्या रुग्णाच्या बाबतीत ‘आत्महत्येचे विचार नाहीत’ असे कधीही लिहू नका. ‘आज दुपारी एकट्याने विचारले असता विचार नाकारले, चुलत भावाने मात्र मागच्या महिन्यात तसे बोलणे झाल्याचे सांगितले’ असे लिहा, म्हणजे पुढच्या भेटीला तुमच्या जागी दुसरे कोणी बसले असले तरी नेमके कुठून विचारायला सुरुवात करायची ते त्यांना कळेल.